पायथॉनचा मालक कोण, आणि त्याच्या घरचा कारभार कोण पाहते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या शैक्षणिक पुरवणीत संगणक अभ्यासक्रमांविषयी नुकताच जो लेख आला, त्यात पायथॉन या संगणकभाषेचा उल्लेख ‘एका अमेरिकी कंपनीने तयार करून मोफत उपलब्ध करून दिलेली भाषा’ असा झाला आहे. लेख एरवी उपयुक्त आहे आणि लेखकाच्या हेतूविषयी मला काहीच म्हणायचे नाही. परंतु या एका वाक्यात तीन चुका आहेत. पायथॉनचा जन्म अमेरिकेत झालेला नाही, ती कोणत्याही कंपनीची नाही, आणि देणाऱ्याचे मन उद्या बदलले तर परत घेता येईल अशा अर्थाने ती ‘मोफत दिलेली’ही नाही. दुरुस्ती दोन ओळींत सुचवता आली असती. पण मी गेली बावीस वर्षे पदवीच्या वर्गाला संगणकशास्त्र शिकवतो आहे, आणि याच तीन चुका मला दरवर्षी नव्या मुलांच्या तोंडून ऐकू येतात. सीबीएसईच्या अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्रात पायथॉन शिकवली जाते, आपल्याकडच्या अभियांत्रिकी व विज्ञान महाविद्यालयांतही ती रुळली आहे. एवढ्या मुलांच्या हाती जे साधन दिले जाते ते कोणाच्या ताब्यात आहे आणि त्याचे निर्णय कोण घेते, हे पालकांना आणि शिक्षकांना ठाऊक असायला हवे असे मला मनापासून वाटते, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

पायथॉनचे काम गुइडो व्हॅन रॉसम यांनी १९८९च्या डिसेंबरात आम्स्टरडॅम येथील सीडब्ल्यूआय या गणित व संगणकशास्त्राच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेत असताना सुरू केले आणि १९९१च्या फेब्रुवारीत तिची पहिली आवृत्ती लोकांसमोर आली. १९९५मध्ये ते अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातील सीएनआरआय या संस्थेत गेले, तेव्हा भाषाही त्यांच्याबरोबर गेली. २००० साली ते आणि त्यांचे सहकारी बीओपन या कंपनीत गेले, आणि काही महिन्यांतच तिथूनही बाहेर पडून डिजिटल क्रिएशन्स या दुसऱ्या कंपनीत दाखल झाले. माणसाने नोकरी बदलली की तो आपली पेटी-वळकटी बरोबर नेतो, पण त्याने लिहिलेल्या आज्ञावलीचा कायदेशीर हक्क मात्र ज्या-त्या मालकाकडे मागे राहतो. पायथॉनच्या परवान्याचा मजकूर आजही कोणी उघडून पाहिला तर त्यात सीडब्ल्यूआय, सीएनआरआय आणि बीओपन या तिघांचे वेगवेगळे परवाने एकाखाली एक लावलेले दिसतील. वारसाहक्काच्या उताऱ्यावर जशी जुनी नावे राहून जातात, तसाच हा प्रकार आहे. त्या काळात परवान्याच्या एका कलमावरून पायथॉनचा नवा संच इतर मुक्त सॉफ्टवेअरबरोबर वापरता येतो की नाही असाही वाद उभा राहिला होता. भाषा उत्तम, ती लिहिणारी माणसे सज्जन, आणि तरीही ती नेमकी कोणाची हा प्रश्न दर दोन-तीन वर्षांनी नव्याने उभा राहत होता.

यावर उपाय म्हणून ६ मार्च २००१ रोजी पायथॉन सॉफ्टवेअर फाउंडेशन ही ना-नफा संस्था स्थापन झाली. ती डेलावेअर राज्यात नोंदलेली असून अमेरिकी प्राप्तिकर कायद्याच्या कलम ५०१(सी)(३) खाली तिला धर्मादाय संस्थेचा दर्जा आहे. तिला भागधारक नाहीत, वर्षाअखेरीस शिल्लक राहिलेला पैसा कोणाला वाटून घेता येत नाही, आणि तिचे संचालक मानधनाशिवाय काम करतात. आपल्याकडच्या वाचकाला समजण्यासाठी असे म्हणता येईल की तिचे कायद्याच्या दृष्टीने रूप सार्वजनिक न्यासाच्या जवळ जाते, पण आतला कारभार सहकारी संस्थेसारखा सभासदांच्या मतावर चालतो. हे मिश्रण मला महत्त्वाचे वाटते, कारण न्यासात मालमत्ता सुरक्षित राहते पण विश्वस्तांना प्रश्न विचारणारा कोणी नसतो, आणि सहकारात प्रश्न विचारणारे असतात पण मालमत्तेवर कोणाची ना कोणाची नजर असते.

मालमत्ता म्हणजे काय, हेही सांगायला हवे. नव्या आवृत्त्यांचा परवाना, ‘पायथॉन’ हे नाव व त्याचे चिन्ह, अमेरिकेत दरवर्षी भरणारी पायकॉन ही परिषद, आणि पाच लाखांहून अधिक आज्ञावली-संच जिथून जगभर उतरवून घेतले जातात ते पायपीआय हे भांडार, एवढे सगळे या संस्थेच्या नावावर किंवा तिच्या जबाबदारीत आहे. नुसत्या नावाची राखणही किती आवश्यक असते हे २०१३मध्ये दिसले. ब्रिटनमधल्या एका सर्व्हर-सेवा देणाऱ्या कंपनीने ‘पायथॉन’ हा शब्द आपल्या सेवांसाठी युरोपभर व्यापारचिन्ह म्हणून नोंदवण्याचा अर्ज केला होता. फाउंडेशनने हरकत घेतली, जगभरातील वापरकर्त्यांकडून आणि कंपन्यांकडून पुरावे मागवले, आणि काही आठवड्यांत प्रकरण समझोत्याने मिटले. त्या वेळी मालकी जर चार जुन्या मालकांत विखुरलेली असती, तर हरकत घ्यायला कोण उभे राहिले असते, याचा विचार मी वर्गात नेहमी मुलांसमोर ठेवतो.

आता मुख्य मुद्दा. मालमत्ता सांभाळणारी ही संस्था भाषा कशी असावी हे ठरवत नाही. भाषेत कोणती नवी सोय यावी, कोणती जुनी काढावी, हे निर्णय संचालक मंडळाच्या हाती नाहीत. ते भाषेवर प्रत्यक्ष काम करणाऱ्या मुख्य विकासकांच्या हाती आहेत. पैसा एका घरात आणि भाषेचा निर्णय दुसऱ्या घरात, आणि मधली भिंत दोन्हीकडून राखलेली, अशी ही रचना आहे. या भिंतीची किंमत मला अनुभवाने कळली. मी काही वर्षे एका शैक्षणिक न्यासाच्या मंडळावर होतो. एका देणगीदाराने वीस संगणक दिले, आणि दुसऱ्याच वर्षी त्या संगणकांवर कोणते सॉफ्टवेअर चालवायचे, कोणत्या कंपनीचा अभ्यासक्रम शिकवायचा, हेही तोच सांगू लागला. मंडळातल्या कोणालाही त्याला नाही म्हणणे जमले नाही, कारण देणगी स्वीकारणारी आणि अभ्यासक्रम ठरवणारी माणसे एकच होती. माणसे वाईट नव्हती. दोन कामे एका टेबलावर आली होती, एवढेच.

पायथॉनमध्ये ही दोन टेबले वेगळी असली, तरी दुसऱ्या टेबलावर बरीच वर्षे एकच माणूस बसलेला होता. व्हॅन रॉसम यांना त्यांच्या समुदायाने प्रेमाने ‘तहहयात कनवाळू हुकूमशहा’ अशी पदवी दिली होती आणि कोणत्याही प्रस्तावावर शेवटचा शब्द त्यांचा असे. प्रस्ताव लेखी मांडायचा, त्याला क्रमांक द्यायचा, त्यावर खुली चर्चा व्हायची आणि मग त्यांनी निर्णय द्यायचा, ही पद्धत चांगली चालली. परंतु ५७२ क्रमांकाच्या प्रस्तावावर, म्हणजे एखाद्या पदावलीच्या आतच चलाला किंमत देण्याच्या एका छोट्या चिन्हावरून, इतका कडवा वाद झाला की तो प्रस्ताव मान्य केल्यावर १२ जुलै २०१८ रोजी त्यांनी आपण या पदावरून दूर होत असल्याचे पत्र सहकाऱ्यांना पाठवले. त्यांनी वारस नेमला नाही. पुढे काय करायचे ते तुम्ही ठरवा, असे त्यांनी लिहिले. आपल्याकडे एखाद्या संस्थेचे संस्थापक निवृत्त होताना काय घडते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्या पत्राचे मोल कळेल.

त्यानंतरचे पाच महिने मला या सगळ्या इतिहासात सर्वांत शिकण्यासारखे वाटतात. भाषेचे काम थांबले नाही, पण मोठे निर्णय थांबवून ठेवण्यात आले. मुख्य विकासकांनी कारभाराच्या सात वेगवेगळ्या रचना लेखी स्वरूपात मांडल्या. कोणी पुन्हा एकच नेता असावा असे म्हटले, कोणी तिघांचे मंडळ सुचवले, कोणी कायम नेतृत्वच नको असे लिहिले. इतर प्रकल्प कसे चालतात याचा अभ्यास करून तोही एका टिपणात नोंदवला गेला. डिसेंबर २०१८मध्ये पसंतीक्रमाने मतदान झाले आणि पाच जणांच्या सुकाणू परिषदेची रचना निवडली गेली. तिचे नियम जेमतेम काही पानांत मावतात. परिषद मुख्य विकासकांच्या मताने निवडली जाते, भाषेच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीनंतर, म्हणजे सध्या साधारण वर्षातून एकदा, नव्याने निवडणूक होते, पाचपैकी दोनांहून अधिक सदस्य एकाच कंपनीचे नोकर असू शकत नाहीत, आणि मुख्य विकासकांनी दोन-तृतीयांश मतांनी अविश्वास दाखवला तर एका सदस्याला किंवा सगळ्या परिषदेला पायउतार व्हावे लागते. परिषदेने आपला अधिकार शक्य तितका कमी वापरावा आणि सहमती शोधावी, असेही त्यात नमूद आहे. पहिल्या परिषदेत व्हॅन रॉसम स्वतः निवडून आले, पुढच्या वर्षी त्यांनी आपले नाव मागे घेतले, आणि त्यांच्यावाचून कारभार सुरळीत सुरू राहिला.

एकाच कंपनीचे दोनच, हा नियम वाचताना किरकोळ वाटतो. पण आज मुक्त सॉफ्टवेअरवर काम करणारी बरीच गुणी मंडळी मोठ्या कंपन्यांच्या पगारावर आहेत आणि त्यात गैर काहीच नाही. कंपन्यांनी त्यांना वेळ दिला नसता तर ही भाषा आज आहे तेवढी वेगवान झाली नसती. धोका आहे तो निवडणुकीत सगळी जागरूक, बोलकी, वेळ असलेली माणसे एकाच कचेरीतून येण्याचा. संचालक मंडळाच्या पोटनियमांतही एकाच संस्थेशी बांधलेल्या व्यक्तींच्या संख्येवर अशीच मर्यादा घातलेली आहे. आपल्या सहकार कायद्यात एका सभासदाला एक मत असते, भाग कितीही असोत. त्या तत्त्वाशी या नियमाचे जवळचे नाते आहे असे मला वाटते.

फाउंडेशनचे संचालक मंडळ साधारण डझनभर जणांचे असते. प्रत्येकाची मुदत तीन वर्षांची असते आणि दरवर्षी सुमारे एक-तृतीयांश जागांसाठी निवडणूक होते, त्यामुळे सगळे जुने एकदम जात नाहीत आणि सगळे नवेही एकदम येत नाहीत. मतदानाची पद्धत वेगळी आहे. मतदार जितके उमेदवार योग्य वाटतील तितक्या सर्वांना मत देतो, त्यामुळे मते फुटण्याची चिंता राहत नाही आणि एका गटाला प्रिय पण इतरांना अप्रिय असलेला उमेदवार सहसा निवडून येत नाही. मताचा अधिकार तीन वाटांनी मिळतो: वर्गणी भरून, पायथॉनसाठी महिन्याला किमान पाच तास विनामोबदला काम करून, किंवा दीर्घ सेवेबद्दल ‘फेलो’ म्हणून निवडले जाऊन. पूर्ण वर्गणी वर्षाला ९९ डॉलर आहे आणि ज्यांना ती जड जाते त्यांच्यासाठी कमी दराची सोयही आहे. दुसरी वाट मला सर्वांत मोलाची वाटते. शाळेत विनाशुल्क वर्ग घेणारी शिक्षिका, परिषदेत खुर्च्या लावण्यापासून हिशेबापर्यंत सगळे पाहणारा कार्यकर्ता, कागदपत्रांचे भाषांतर करणारा विद्यार्थी, यांना एक पैसाही न भरता लाखो डॉलर देणाऱ्या कंपनीच्या कर्मचाऱ्याइतकेच एक मत मिळते. मंडळाच्या सभांची इतिवृत्ते, मंजूर ठराव आणि वार्षिक हिशेब कोणालाही वाचता येतात.

इथे एक फरक वाचकांच्या लक्षात आणून द्यायला हवा, कारण ‘फाउंडेशन’ हा शब्द सगळीकडे एकाच अर्थाने वापरला जात नाही. लिनक्स या संगणकप्रणालीमागची लिनक्स फाउंडेशन हीसुद्धा ना-नफा संस्था आहे, पण अमेरिकी कायद्यानुसार ती कलम ५०१(सी)(६) खालची, म्हणजे व्यापारी संघटनेच्या वर्गातली आहे. तिच्या सर्वोच्च वर्गातील कंपन्या वर्षाला पाच लाख डॉलर भरतात आणि संचालक मंडळावर त्यांची माणसे बसतात. व्यक्तिगत सभासदांना मंडळावर आपले प्रतिनिधी निवडून पाठवण्याचा जो हक्क पूर्वी होता, तो २०१६मध्ये पोटनियम बदलून काढून टाकण्यात आला. त्या संस्थेने मोठे काम केले आहे आणि करीत आहे, हे मी कमी लेखत नाही. कंपन्यांनी एकत्र येऊन सामायिक पाया उभारायचा असेल तर ती रचना कामाची आहे. मुक्त सॉफ्टवेअरचे अनेक प्रकल्प सांभाळणाऱ्या अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनने नेमका उलटा मार्ग धरला. तिथे कंपनीला सभासद होताच येत नाही, व्यक्तीच सभासद होतात आणि पैसे देणाऱ्याला पैशाबद्दल मंडळावर जागा मिळत नाही. तेव्हा एखाद्या सॉफ्टवेअरमागे ‘ना-नफा संस्था’ आहे एवढे ऐकून थांबू नये, मत कोणाला आहे हे विचारावे.

मागच्या वर्षी या रचनेची मोठी कसोटी लागली. पायपीआयच्या भांडारात दुष्ट हेतूने बनवलेले संच शिरण्याचा धोका सतत असतो आणि ते आधीच ओळखून अडवणारी यंत्रणा उभारण्यासाठी फाउंडेशनने अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे जानेवारी २०२५मध्ये अनुदानाचा प्रस्ताव पाठवला होता. सरकारी पैशासाठी तिने केलेला हा पहिलाच अर्ज होता. दोन वर्षांसाठी १५ लाख डॉलर मिळायचे होते आणि प्रस्तावाची शिफारसही झाली. या संस्थेचे वर्षाचे एकूण अंदाजपत्रक सुमारे ५० लाख डॉलरचे आणि पगारी कर्मचारी जेमतेम चौदा, हे लक्षात घेतले तर रक्कम किती मोठी होती ते कळेल. परंतु करारात अशी अट होती की अनुदानाच्या काळात संस्था विविधता, समता आणि समावेशनाला चालना देणारा, सरकारच्या मते भेदभावविरोधी कायद्यांचा भंग करणारा कोणताही कार्यक्रम चालवणार नाही. ही अट अनुदानित कामापुरती नव्हती, संस्थेच्या सगळ्या कामाला लागू होती, आणि भंग झाला असे सरकारला वाटले तर आधी दिलेला व खर्च झालेला पैसाही परत मागता येणार होता. संचालक मंडळाने एकमताने प्रस्ताव मागे घेतला आणि २०२५च्या ऑक्टोबर अखेरीस कारणांसह ते जाहीर केले.

या निर्णयावर मतभेद होऊ शकतात आणि माझ्या सहकाऱ्यांतही झाले. सुरक्षेचे काम लांबले तर नुकसान सर्वांचेच, हा त्यांचा आक्षेप वजनदार होता. माझे मत असे की मंडळाला दुसरा मार्ग नव्हता. संस्थेच्या उद्देशपत्रिकेतच पायथॉनचा प्रसार व संरक्षण करण्याबरोबर वैविध्यपूर्ण आणि आंतरराष्ट्रीय समुदायाच्या वाढीला साहाय्य करावे असे लिहिलेले आहे. उद्देशपत्रिका हा संचालकांचा जाहीरनामा नसतो. तो त्यांच्यावर असलेला बांध असतो. उद्देशाविरुद्ध सही करून पैसे घेतले असते तर ते सभासदांच्या विश्वासाचा भंग करणारे ठरले असते, आणि खर्च झालेले १५ लाख डॉलर परत भरण्याची वेळ आली असती तर चौदा माणसांची ही संस्था मोडली असती. जाहीर निर्णयानंतर देणग्या देणारे आणि नव्याने सभासद होणारे लोक जगभरातून पुढे आले, पण त्यांच्या मदतीने तेवढी तूट भरून निघेल असे गृहीत धरून मंडळाने हा निर्णय घेतलेला नव्हता, आणि म्हणूनच मला त्याचे मोल अधिक वाटते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पैसा अपुरा पडल्याने परिषदा व कार्यशाळांना मदत देणारा आपला अनुदान कार्यक्रम संस्थेने वर्षापुरता थांबवलेला होता. म्हणजे नकार दिला तो भरल्या तिजोरीवर बसून दिलेला नव्हता.

मी या संस्थेची आरती ओवाळायला बसलेलो नाही. तिच्या चुकाही याच रचनेतून उघड झाल्या आणि त्या सांगितल्या नाहीत तर चित्र खोटे ठरेल. नोव्हेंबर २०२३मध्ये टांझानियातील झांझिबार येथे आफ्रिकेतील पहिली जँगोकॉन, म्हणजे जँगो या पायथॉनमध्ये लिहिलेल्या संकेतस्थळे बांधण्याच्या साधनाविषयीची परिषद, भरली. तिच्या आयोजकांनी मागितलेल्या मदतीचा निर्णय फाउंडेशनने इतका लांबवला आणि इतक्या शंका काढल्या की आफ्रिकेतील पायथॉन समुदायाने डिसेंबरात एक खुले पत्र प्रसिद्ध केले. इतर देशांतील परिषदांना न विचारलेले प्रश्न आम्हालाच का, हा त्यांचा सवाल होता. फाउंडेशनने चूक झाल्याचे मान्य केले, अनुदानांचा तपशीलवार अहवाल प्रसिद्ध केला, अर्जदारांना दरमहा थेट बोलता येईल अशी वेळ ठेवली आणि अनुदान देणाऱ्या कार्यगटाचे नियम नव्याने लिहिले. अनुदान मागणाऱ्या भारतातील आयोजकांनाही त्या बदलांचा फायदा आहे, तेव्हा त्या पत्राचे ऋण आपल्यावरही आहे.

दुसरी गोष्ट मला आजही खटकते. २०२४च्या उन्हाळ्यात पोटनियमांत एक दुरुस्ती मांडली गेली. फेलो सभासदाला आचारसंहिता मोडल्याबद्दल काढून टाकायचे तर पूर्वी सभासदांचे मत घ्यावे लागत असे. दुरुस्तीनंतर संचालक मंडळाला ते आपल्या मताने करता येते. दुरुस्तीवर बरीच गरम चर्चा झाली, ती सभासदांच्या बहुमताने मंजूर झाली, आणि काही आठवड्यांतच सुकाणू परिषदेने एका फार जुन्या मुख्य विकासकाला तीन महिन्यांसाठी दूर केले. परिषद आणि मंडळ वेगळी आहेत व दोन्ही निर्णयांमागची कारणे वेगळी असू शकतात. तरीही मतदाराला काढण्याचा अधिकार मतदारांनीच निवडलेल्या मंडळाकडे असणे धोक्याचे आहे. आजचे मंडळ तो नीट वापरेल, पण नियम आजच्या मंडळासाठी लिहायचे नसतात. आपल्याकडच्या कितीतरी ग्रंथालयांत आणि पतसंस्थांत सभासद कमी करण्याची युक्ती नेमकी निवडणुकीआधी वापरली गेली आहे. या एका मुद्द्यावर पायथॉनच्या सभासदांनी पुन्हा विचार करावा, निदान काढलेल्या माणसाला सर्वसाधारण सभासदांपुढे दाद मागण्याची सोय ठेवावी, असे मला वाटते.

आणि इथे आपला संबंध येतो. २०११ साली पायकॉन इंडिया ही परिषद पुण्यात भरली होती. मी माझ्या नऊ विद्यार्थ्यांना घेऊन पहाटेच्या एसटीने गेलो होतो. दोन दिवस आम्ही भाषणे ऐकली, मुलांनी स्वतःपेक्षा चारच वर्षांनी मोठ्या मुलींना व्यासपीठावर बोलताना पाहिले, आणि परतीच्या वाटेवर त्यांची चर्चा नोकरीवर नव्हती, आपण यात काय करू शकतो यावर होती. त्यांतील दोघांनी पुढे दुरुस्त्या पाठवल्या आणि त्या स्वीकारल्याही गेल्या. पण इतक्या वर्षांत माझ्या परिचयातील शिक्षकांपैकी या संस्थेचे मतदार किती, असे मी मोजू गेलो तेव्हा हाताची बोटेही लागली नाहीत. आपण शिकवतो, वापरतो, त्यावर मुलांची पोटे भरतात, आणि तिचे मंडळ निवडायची वेळ आली की आपण गैरहजर असतो.

या गैरहजेरीचे परिणाम होतात. डिसेंबर २००८मध्ये आलेल्या पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीत सगळा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांना सामावणाऱ्या संकेतपद्धतीत, धरण्याचा निर्णय झाला. त्याआधी देवनागरीतील एक ओळ उलटी छापायचा साधा स्वाध्याय दिला तरी पडद्यावर चौकोन आणि प्रश्नचिन्हे उमटत. आज माझा विद्यार्थी चलाला ‘गुण’ असे मराठी नाव देऊन आज्ञावली लिहू शकतो. या बदलासाठी जुन्या आवृत्तीचा आधार १ जानेवारी २०२० रोजी पूर्ण काढून घ्यावा लागला आणि जगभरातील कंपन्यांना वर्षानुवर्षे खर्च सोसावा लागला. ज्यांची लिपी रोमन आहे त्यांना या बदलाची गरज सर्वांत कमी होती, तरी तो झाला. पण आपल्या गरजा दुसऱ्याच्या चांगुलपणावर सोडून आपण किती काळ चालणार? ‘क्षि’ हे अक्षर मोजताना यंत्र त्याचे चार तुकडे मोजते, अजूनही. ते योग्य की अयोग्य याची चर्चा जिथे होते तिथे मराठी, कानडी, तमिळ लिहिणारी माणसे बसलेली असायला हवीत.

माझ्या आपल्याकडे दोन मागण्या आहेत. पहिली, पुरवणीतील त्या वाक्याची दुरुस्ती छापावी. दुसरी, संगणक अभ्यासक्रमांविषयी यापुढे लिहिताना त्या-त्या साधनामागे कंपनी आहे, कंपन्यांचा संघ आहे की सभासदांची संस्था आहे, एवढे एका ओळीत सांगण्याचा प्रघात पाडावा. आणि जे वाचक शिक्षक आहेत त्यांच्यासाठी व्यवहाराची माहिती: महिन्याला पाच तास विनामोबदला पायथॉन शिकवत असाल, परिषदेचे किंवा स्थानिक गटाचे काम करीत असाल, तर तुम्ही आजच मताला पात्र आहात; फक्त आपण हे काम करतो असे फाउंडेशनकडे स्वतः नोंदवावे लागते, आणि आदल्या वर्षीच्या निवडणुकीत मत दिलेले नसेल तर निवडणुकीपूर्वी आपण मतदान करणार असल्याचे मुदतीत कळवावे लागते. ते न कळवल्यास त्या वर्षीच्या मतदारयादीत नाव येत नाही. माझे नाव पहिल्या वर्षी याच कारणाने राहिले होते. या वर्षी आमच्या विभागातील चौघांनी नोंदणी केली आहे.

आपला विश्वासू,
संगणकशास्त्राचा एक प्राध्यापक,
सांगली